“दुसऱ्या शहरात का गेला नाहीत?” : युद्धातून आलेल्या माणसाच्या आश्रय अर्जातल्या सर्वांत अवघड प्रश्नाची तयारी

पुण्यात शिकणाऱ्या एका सुदानी विद्यार्थ्याची मी मुलाखतीची तालीम घेत होते. सहज विचारावं तसं विचारलं, “पोर्ट सुदानमध्ये राहता येणार नाही का?” तो म्हणाला, “पोर्ट सुदान? छान शहर आहे. समुद्र आहे.”

त्याला वाटलं, मी गप्पा मारतेय. खऱ्या मुलाखतीत हेच वाक्य टिपलं गेलं असतं आणि पुढे निर्णयपत्रात उतरलं असतं: अर्जदाराच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार पोर्ट सुदानमध्ये राहण्यास अडचण नाही. गावात काय झालं, घर कसं जळलं, हे सगळं खरं मानूनही अर्ज फेटाळला जातो तो असा.

या प्रश्नाला आमच्या कामात ‘आयएफए’ (इंटर्नल फ्लाइट अल्टरनेटिव्ह) म्हणतात. मराठीत देशांतर्गत स्थलांतराचा पर्याय. तुम्हाला तुमच्या गावात धोका आहे हे मान्य, पण तुमच्याच देशात दुसरीकडे सुखरूप राहता येत असेल तर परक्या देशाने आसरा का द्यायचा, असा तो युक्तिवाद. आपल्याला तो पटतोही चटकन. १९७२च्या दुष्काळात माणसं गाव सोडून मुंबई-पुण्याला आलीच ना! पण दुष्काळ माणसाला नाव विचारत नाही, जात विचारत नाही, आणि मुंबईच्या वेशीवर चौकी लावून बसत नाही. युद्ध या तिन्ही गोष्टी करतं.

हा लेख वकिलांपेक्षा त्यांच्या आसपासच्या माणसांसाठी आहे: विद्यार्थ्यांना धीर देणारे प्राध्यापक, घरमालक, लॉची मुलं, परदेशात दुभाष्याचं काम करणारे मराठी लोक. उदाहरण म्हणून एकच फाइल धरते. विद्यार्थी पश्चिम दारफूरच्या अल जनीना शहरातला, मसालीत या अरबेतर समाजाचा. युद्धाआधी पुण्यात शिकायला आला. २०२३च्या जूनमध्ये घर जळलं, आई आणि भावंडं सीमेपलीकडे चाडमध्ये अद्रेला. एक चुलतभाऊ पोर्ट सुदानला. हा मुलगा दोन-तीन जणांच्या हकिकतींतून जुळवलेला आहे. युद्धाच्या तारखा मात्र खऱ्या.

आधी दार कोणतं ते पाहा

भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. १९६७च्या प्रोटोकॉलवरही नाही. त्यामुळे सुदान, येमेन, अफगाणिस्तान इथल्या माणसाचा अर्ज भारतात यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या दिल्ली कार्यालयाकडे जातो. नोंदणी, मग सविस्तर मुलाखत, मग निर्णय. या कामाला पैसे लागत नाहीत. कुणी ‘निर्वासिताचं कार्ड काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर तो दलाल समजा. आणि ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. व्हिसा संपू देऊन कार्डाची वाट पाहत बसू नका. एफआरआरओकडचा (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) मुदतवाढीचा अर्ज त्याच आठवड्यात, समांतर.

इथे एक मोठी सोय आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. यूएनएचसीआर फक्त १९५१च्या व्याख्येवर (वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांवरून छळाची भीती) थांबत नाही. सरसकट हिंसाचारामुळे किंवा सार्वजनिक सुव्यवस्था पार कोलमडल्यामुळे परत जाऊ न शकणाऱ्यालाही ती निर्वासित मानू शकते. आफ्रिकेच्या १९६९च्या करारातली व्याख्याही तशीच आहे, आणि तीत ‘देशाच्या एखाद्या भागात किंवा संपूर्ण देशात’ असे शब्द आहेत. एका भागातली उलथापालथही पुरते म्हटल्यावर ‘दुसऱ्या भागात का नाही गेलात’ या प्रश्नातली हवाच निघून जाते. म्हणून दिल्लीच्या अर्जात दोन्ही बाजू मांडायच्या: मी मसालीत आहे म्हणून मला धोका आहे, आणि माझ्या देशात युद्ध आहे. नुसतं दुसरं लिहिणारे पुष्कळ भेटतात. पहिलं सोडू नका, कारण अर्ज उद्या दुसऱ्या देशात न्यावा लागला तर तिथे तेच कामी येईल.

मुलगा देश सोडून आला तेव्हा युद्ध नव्हतं, मग तो निर्वासित कसा? देशाबाहेर असताना परिस्थिती बदलली तरी माणूस निर्वासित ठरतो. यूएनएचसीआरच्या हँडबुकात हे स्वच्छ लिहिलं आहे. लाजायचं कारण नाही, आणि ‘मी जीव वाचवून पळालो’ अशी खोटी कथा रचायचं तर मुळीच नाही.

ब्रिटन, कॅनडा, युरोप, अमेरिका इथे मात्र आयएफए हा रोजचा प्रश्न आहे. गंमत म्हणजे १९५१च्या करारात हे शब्दच नाहीत. ‘आपल्या देशाचं संरक्षण घेऊ शकत नाही’ या ओळीतून न्यायालयांनी तो हळूहळू बाहेर काढला, आणि त्यातला बराचसा कायदा एका शहराच्या नावावर घडला: कोलंबो. श्रीलंकेच्या उत्तरेतले तमिळ कॅनडात आणि लंडनमध्ये पोचले. तिथे त्यांना विचारलं गेलं, जाफन्यात धोका आहे, पण कोलंबोत का नाही राहिलात? कॅनडातले रसरत्नम (१९९२) आणि तिरुनावुक्करसू (१९९३), इंग्लंडमधले रॉबिन्सन (१९९७) आणि करणाकरन (२०००) हे निकाल याच प्रश्नावरचे. त्याच ‘सुरक्षित’ कोलंबोतल्या लॉजमधून ७ जून २००७ रोजी पोलिसांनी ३७६ तमिळांना उठवून बसमध्ये घालून उत्तर-पूर्वेकडे धाडलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, हेही खरं.

आपल्या माणसांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. १९९४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने पंजाबातल्या एका शीख अर्जदाराच्या बाबतीत हाच विचार केला होता: भारतात अन्यत्र राहणं त्याला शक्य आहे का? कॅनडात आजही पंजाबातून आलेल्या अर्जदारांपुढे मुंबईचं नाव ठेवलं जातं.

पहिली पायरी: त्रास देणारा कोण, हे एका ओळीत लिहा

सरकार की सशस्त्र गट? सगळी गणितं इथून फिरतात. त्रास देणारं सरकार असेल, तर त्याचा हात देशभर पोचतो असं यूएनएचसीआर गृहीत धरते. अमेरिकेच्या नियमांतही अशा वेळी दुसरीकडे जाणं रास्त नाही असंच सुरुवातीला धरलं जातं. गट असेल तर त्याचा हात कुठवर पोचतो ते दाखवावं लागतं.

आपल्या फाइलीत तो गट म्हणजे रॅपिड सपोर्ट फोर्सेस, आरएसएफ, हे सुदानच्या लष्कराविरुद्ध लढणारं निमलष्करी दल, आणि सोबतच्या अरब टोळ्या. एप्रिल ते जून २०२३मध्ये अल जनीनात मसालीतांवर जे हल्ले झाले त्यात कुणाला वगळलं गेलं नाही. पश्चिम दारफूरचे गव्हर्नर खमिस अब्दुल्ला अबकर यांनी टीव्हीवर आरएसएफवर आरोप केले आणि १४ जूनला ते मारले गेले. नंतर लोंढे अद्रेकडे चालत निघाले. ह्यूमन राइट्स वॉचने मे २०२४मध्ये या शहरावर सविस्तर अहवाल काढला. तो फाइलीला जोडायचाच.

पण थांबा. पोर्ट सुदान आरएसएफच्या नाही, लष्कराच्या ताब्यात आहे. निर्णय घेणारा नेमकं हेच म्हणणार. म्हणून पुढची पायरी.

दुसरी पायरी: शहराचं नाव मागा

‘सुदानमध्ये अन्यत्र’ या शब्दांना उत्तर देताच येत नाही. देऊ नका. कोणतं शहर, हे आधी ठरलं पाहिजे. यूएनएचसीआरच्या जुलै २००३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जागा ठरवून ती अर्जदाराला वेळेत सांगणं हे निर्णय घेणाऱ्याचं काम आहे. कॅनडात नाव सांगितलं की ओझं अर्जदारावर येतं: तिथे राहता येणार नाही हे त्याने दाखवायचं. अमेरिकेत, आधी छळ झाल्याचं सिद्ध झालं असेल तर ओझं सरकारवर. त्यामुळे अर्ज ज्या देशात आहे तिथला नियम आधी वाचा.

तयारी मात्र नाव येण्याआधीच करायची. मी कागदावर तीन शहरं लिहायला लावते, ज्यांची नावं येण्याची शक्यता सर्वांत जास्त. सुदानसाठी: पोर्ट सुदान, राजधानी खार्तूम, आणि अर्जदार पूर्वी जिथे राहिला असेल ते. तिसरं लोक विसरतात. हा मुलगा बारावीनंतर वर्षभर खार्तूममध्ये काकांकडे होता. ते त्याच्या जुन्या अर्जात, पुण्याच्या कॉलेजच्या कागदांत, सगळीकडे दिसतं. लपवलंत तर फाइलच संपली. सांगायचं, आणि तो काका, ते घर, तो मोहल्ला आज कुठे आहे हेही सांगायचं.

तिसरी पायरी: वाट

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने सोमालियातल्या सलाह शेख यांच्या २००७च्या निकालात तीन गोष्टी विचारल्या, त्या मला पाठच आहेत: तिथवर जाता येईल का, आत घेतील का, राहू देतील का. कॅनडाच्या तिरुनावुक्करसू निकालात सांगितलं आहे की, लढाई चालू असलेली रेषा जीव धोक्यात घालून ओलांडायची किंवा जंगलात-डोंगरात लपून राहायचं, ही अपेक्षा कुणाकडून करता येत नाही.

अल जनीना ते पोर्ट सुदान सरळ रेषेत सुमारे १,७०० किलोमीटर. मध्ये अख्खं युद्ध. हे वाक्य ऐकायला जोरदार, पण आपल्या विद्यार्थ्याच्या कामाचं नाही, हे प्रामाणिकपणे ओळखा. तो पुण्याहून विमानाने पोर्ट सुदानलाच उतरेल. वाटेचा मुद्दा त्याच्या आईसाठी खरा आहे. त्याच्यासाठी खरा प्रश्न विमानतळाच्या दारात सुरू होतो: ओळखपत्रावरचं जन्मगाव, बोलण्यातला हेल, आणि समोरचा अधिकारी.

चौथी पायरी: आगीतून फुफाट्यात?

नव्या जागी जुना धोका नसेल, पण नवा असू शकतो. लष्कराच्या ताब्यातल्या भागांत पश्चिमेकडून आलेल्यांवर ‘आरएसएफचे हस्तक’ असा संशय घेऊन त्यांना अडकवल्याच्या नोंदी मानवाधिकार संस्थांच्या अहवालांत आहेत. म्हणजे एकीकडे मसालीत म्हणून आरएसएफचा वैरी, दुसरीकडे दारफूरचा म्हणून लष्कराला संशयित. हे वाक्य निवेदनात हवं, आणि त्याखाली त्या अहवालाचं पान.

‘गप्प राहा, कुठला आहेस ते सांगू नकोस’ हा सल्ला इथे चालत नाही. धर्म, राजकीय मत, ओळख लपवून जगायची अट घालून एखादी जागा सुरक्षित ठरवता येत नाही, हे यूएनएचसीआरच्या सूचनांतही आहे.

पाचवी पायरी: जगणं

फाइली सर्वांत जास्त इथे हरतात, कारण इथे लोक रडगाणं लिहितात आणि तपशील लिहीत नाहीत.

कसोटी ‘तिथे गरिबी आहे का’ ही नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, जनुझी खटल्यात (२००६) सांगितलं की तुलना लंडनच्या राहणीशी करायची नाही. त्या माणसाने तिथे जाऊन राहावं ही अपेक्षा अवाजवी कठोर आहे का, एवढंच पाहायचं. पुढच्याच वर्षी दारफूरच्या शेतकऱ्यांच्या खटल्यात लॉर्ड्सनी न्यायाधिकरणाचा निर्णय कायम ठेवला: खार्तूमजवळच्या विस्थापितांच्या छावण्यांत राहणं अवाजवी कठोर नाही. शेतीवर जगलेली माणसं, शहराच्या कडेची झोपडी, आणि तरीही ‘अवाजवी कठोर’ नाही. दोन वर्षांत, २००९मध्ये, ब्रिटनच्याच न्यायाधिकरणाने अरबेतर दारफुरींना खार्तूमला पाठवता येणार नाही असं मार्गदर्शन दिलं. त्यामुळे ‘छावणीत हाल आहेत’ एवढ्यावर अवलंबून राहू नका. कॅनडात तर उंबरठा आणखी उंच: रंगनाथन निकालानंतर (२०००) जीव आणि सुरक्षितता धोक्यात येईल अशी परिस्थिती, ठोस पुराव्यासह दाखवावी लागते, तिथे नातेवाईक नाहीत एवढं पुरत नाही.

मग लिहायचं काय? यूएनएचसीआरच्या सूचना वय, तब्येत, लिंग, नाती, भाषा, शिक्षण, आधी झालेला छळ आणि त्याचे मनावरचे वण, हे सगळं एकत्र पाहायला सांगतात. ‘एकत्र’ या शब्दावर बोट ठेवा. करणाकरन निकालाचा गाभा तोच: एकेक गोष्ट सुटी काढून ‘ही सिद्ध नाही, ती सिद्ध नाही’ म्हणून टाकून द्यायची नाही.

विद्यार्थ्याचा पहिला मसुदा असा होता: “पोर्ट सुदानमध्ये माझं कुणी नाही आणि तिथे राहणं खूप कठीण आहे.”

एक तर हे खोटं, चुलतभाऊ आहे. दुसरं म्हणजे, हे जगातल्या कुठल्याही माणसाने कुठल्याही शहराबद्दल लिहिलं असतं. दोन दिवस बसून आम्ही हे केलं:

“पोर्ट सुदानमध्ये माझा एक चुलतभाऊ आहे. तो बंदरावर रोजंदारीने हमाली करतो आणि विस्थापितांसाठी दिलेल्या शाळेच्या एका वर्गात आणखी तीन कुटुंबांसोबत राहतो. मे २०२५मध्ये शहरावर ड्रोन हल्ले झाले तेव्हाचे त्याचे संदेश जोडले आहेत. त्याला दोनदा चौकीवर थांबवून दारफूरमधून कधी आलास असं विचारलं गेलं. मला तो ठेवून घेऊ शकत नाही. तसं त्याने ज्या ध्वनिसंदेशात सांगितलं, त्याचा अनुवाद सोबत आहे. माझी आई चाडमध्ये आहे आणि तिच्या औषधांचा खर्च मी पुण्यातून पाठवतो.”

यात विशेषण एकही नाही. चुलतभाऊ लपवलेला नाही, उलट तोच पुरावा झाला.

सहावी पायरी: तारीख

धोका कोणत्या दिवशी मोजायचा? निर्णयाच्या दिवशी. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल हा युद्धात जुना कागद असतो.

१५ एप्रिल २०२३ला युद्ध सुरू झालं ते कुठे? ज्या खार्तूमला दारफूरच्या माणसांना ‘पर्याय’ म्हणून दाखवलं गेलं, तिथेच. खार्तूमचे लोक वाद मदनीला पळाले. डिसेंबर २०२३मध्ये तेही आरएसएफने घेतलं. तिथून लोक सिंजाकडे गेले. जून २०२४च्या अखेरीस तेही पडलं. मार्च २०२५मध्ये लष्कराने खार्तूम परत घेतलं. ऑक्टोबर २०२५मध्ये उत्तर दारफूरची राजधानी अल फाशेर आरएसएफच्या हाती गेली. काबूलचंही तेच: ऑगस्ट २०१८मध्ये यूएनएचसीआरने काबूल हा सर्वसाधारणपणे पर्याय मानता येणार नाही असं सांगितलं, २०२०मध्ये ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने धडधाकट एकट्या पुरुषाला तिथे जाणं सर्वसाधारणपणे अवाजवी नाही असं ठरवलं, १५ ऑगस्ट २०२१ला तालिबान काबूलमध्ये होते.

फाइलीत एक पान फक्त तारखांचं ठेवा: डावीकडे शहर, उजवीकडे कोणत्या महिन्यात कुणाच्या ताब्यात. आज शांत असलेलं शहर सहा महिन्यांनी तसंच राहील का, हा प्रश्न त्या पानाकडे पाहून आपोआप विचारला जातो. यूएनएचसीआरच्या डिसेंबर २०१६च्या सूचनांचा रोखही तोच: संघर्ष एका ठरावीक भागापुरता सीमित असेल तरच हा पर्याय तपासण्याजोगा.

हे पान दुधारी आहे हेही सांगते. खार्तूम परत लष्कराकडे गेल्याची ओळ समोरचा आपल्याविरुद्ध वापरू शकतो. तरी ती गाळायची नाही. तुम्ही गाळलीत तर तो ती शोधेल, आणि मग बाकीच्या ओळींवरही शंका घेईल.

युरोपबद्दल थोडक्यात

युरोपीय संघात युद्धातल्या सरसकट हिंसेसाठी निर्वासित दर्जाशिवाय ‘दुय्यम संरक्षण’ही आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या एल्गाफाजी निकालाने (२००९) सांगितलं की माणसाला व्यक्तिशः धोका जितका जास्त दाखवता येईल, तितकी सर्वसाधारण हिंसेची पातळी कमी असली तरी चालते. आयएफएचा प्रश्न तिथेही येतोच. नवा एकसमान नियम लागू होण्याची तारीख १ जुलै २०२६ ही आहे. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये अर्ज असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा.

मुलाखतीआधी

दुभाष्या सुदानी अरबी बोलणारा हवा, हे लेखी मागा. भाषा कळत नसेल तर मुलाखत थांबवून तसं सांगायचा अर्जदाराला अधिकार आहे. पाहुण्याच्या घरी आल्यासारखं गप्प बसायचं नाही.

आणि तो एक प्रश्न चार वेगवेगळ्या रूपांत विचारून पाहा. “तुमचा भाऊ राहतोच ना तिथे?” “परिस्थिती निवळली तर जाल?” “सरकारी भागात तर आरएसएफ नाही.” “पोर्ट सुदानबद्दल काय वाटतं?” प्रत्येक वेळी उत्तर एकाच जागेवरून सुरू झालं पाहिजे: तिथे माझ्या बाबतीत काय होईल. पाठ केलेलं भाषण लगेच ओळखू येतं, म्हणून वाक्यं नका देऊ, फक्त सुरुवात द्या.

आमच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या तालमीत मी पुन्हा विचारलं, पोर्ट सुदान कसं आहे. तो थोडा थांबला. म्हणाला, “समुद्र आहे. पण विमानतळावर माझ्या कागदावर अल जनीना वाचल्यावर पुढे काय होतं, ते आधी सांगतो.”